पहिल्यांदा दिल्ली बघायला निघताय? आधी कॅलेंडरवर सोमवार शोधा

आम्ही पहिल्यांदा लाल किल्ल्यासमोर उतरलो तो दिवस सोमवार होता. सोमवारी लाल किल्ला बंद असतो हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि ज्यांच्याकडे सहलीचे पैसे भरले होते त्यांनीही सांगितलं नाही. माझ्या सासऱ्यांनी उभी हयात शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवताना त्यांचा आवाज भरून यायचा. ते लाहोरी दरवाजाकडे तोंड करून वीस मिनिटं उभे राहिले, मग बसचा हॉर्न वाजला आणि आम्ही चढलो. त्याच दिवशी बस एका साड्यांच्या दुकानापाशी मात्र दीड तास थांबली.

दोन वर्षांनी मी दोघांना, सासूबाईंना आणि सासऱ्यांना, परत घेऊन गेले. या वेळी सगळं स्वतः ठरवलं. शनिवारी सकाळी पोचलो, बुधवारी संध्याकाळी निघालो. कमी ठिकाणं पाहिली, पण प्रत्येक ठिकाण आतून पाहिलं. त्या खेपेला जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे.

१. महिना ठरवा

फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगले. थंडी सोसवते, आणि राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान साधारण याच सुमारास लोकांसाठी उघडतात. ऑक्टोबरही बरा. दिवाळीच्या पुढेमागे आणि नोव्हेंबरात हवा फार खराब असते. घरात कुणाला दमा असेल तर तेव्हा जाऊ नका. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुकं पडतं, गाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि हाताशी असलेल्या चार दिवसांतला एक स्टेशनावरच जातो. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. मुलांना सुट्टी असते म्हणून बहुतेक लोक तेव्हाच जातात, पण कुतुबमिनारच्या आवारातली फरशी दुपारी किती तापते याचा विचार करा.

दोन तारखा सांभाळा. २६ जानेवारीच्या आधी संचलनाची तालीम चालते, तेव्हा कर्तव्य पथाच्या आजूबाजूचे रस्ते बंद असतात. १५ ऑगस्टच्या आधी बंदोबस्तासाठी लाल किल्ला बरेच दिवस बंद ठेवतात. संचलन बघायचंच असेल तर त्याची तिकिटं संरक्षण मंत्रालय विकतं. ती जानेवारीच्या सुरुवातीला निघतात आणि भराभर संपतात.

२. वार मांडा, मग ठिकाणं लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. एका कागदावर मुक्कामाचे वार लिहा आणि सोमवार लाल पेनाने गोल करा.

सोमवारी बंद: लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम, कमळ मंदिर, गांधी स्मृती, अलीपूर रोडवरचं डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक.

सोमवारी उघडं: कुतुबमिनार, हुमायूनची कबर, जंतरमंतर, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्ध स्मारक, लोधी गार्डन, गुरुद्वारे.

रविवारी जुन्या दिल्लीतली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा चांदनी चौकात खरेदी करायची असेल तर तो वार टाळा. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीत मोठी नमाज असते, त्या वेळी बघायला जाता येत नाही. आग्र्याला जाऊन यायचा विचार असेल तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो हेही कागदावर लिहून ठेवा.

एवढं मांडलं की अर्धं नियोजन आपोआप होतं. आमचा सोमवार कुतुबमिनार आणि हुमायूनच्या कबरीला गेला, मंगळवार जुन्या दिल्लीला.

३. घरूनच करायची कामं

राष्ट्रपती भवन: मुख्य वास्तू आतून बघता येते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर दिवस आणि वेळ निवडून आगाऊ नोंदणी करावी लागते. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, आणि जाताना मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा. शनिवार-रविवारच्या वेळा आधी भरतात, म्हणून प्रवासाची तिकिटं काढली की लगेच हे करा.

संसद: प्रेक्षक कक्षाचा पास खासदारांच्या शिफारशीने मिळतो. तुमच्या मतदारसंघाच्या खासदारांच्या कार्यालयात बऱ्याच आधी विचारा. डिसेंबर २०२३ मधल्या घुसखोरीनंतर तपासणी फार कडक झाली आहे. पास मिळेलच असं धरून बाकीचं वेळापत्रक बांधू नका.

स्मारकांची तिकिटं: लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर या पुरातत्त्व खात्याच्या जागांची तिकिटं फोनवरून काढता येतात आणि खिडकीपेक्षा थोडी स्वस्त पडतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मात्र सरकारी जागांसारख्या दिसणाऱ्या खोट्या वेबसाइट पुष्कळ आहेत. पत्ता खरा आहे का, ते पैसे भरण्याआधी नीट बघा.

बरोबर काय हवं:
- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, मुलांचं आधारसुद्धा
- नोंदण्यांची छापील प्रत. फोनची बॅटरी नेमकी दारात संपते.
- डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा मोठा रुमाल, गुरुद्वारा आणि मशिदीसाठी
- पटकन काढता-घालता येतील अशा चपला
- पाण्याची बाटली, नेहमीची औषधं
- थोडी सुटी रोकड

अडकित्ता, सुरी, कात्री खोलीवरच ठेवा. सासऱ्यांच्या पिशवीतला अडकित्ता मेट्रोच्या तपासणीत काढून ठेवायला लावला. त्यांच्या वडिलांचा होता, म्हणून मी त्यांना तिथे उभं करून तो खोलीवर ठेवून आले. त्यात तास गेला.

४. स्टेशनावरचा पहिला तास

तुमची गाडी कुठल्या स्टेशनावर जाते ते आधी नीट वाचा. मुंबई सेंट्रलची राजधानी नवी दिल्लीला जाते, तर सीएसएमटीहून सुटणारी राजधानी हजरत निजामुद्दीनला. पुण्याहून झेलम नवी दिल्लीला, गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनला. ही दोन स्टेशनं एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

नवी दिल्ली स्टेशनाला दोन बाजू आहेत, पहाडगंज आणि अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला. चुकीच्या बाजूने बाहेर पडलात तर सामान घेऊन अख्खा पूल परत चढायचा.

बाहेर पडताना कुणीतरी जवळ येतं. बोलणं गोड, कधी गळ्यात ओळखपत्रही लटकवलेलं. "तुमचं हॉटेल बंद झालंय", "पुढे रस्ता अडवलाय", "सरकारी टुरिस्ट ऑफिस इकडे आहे" असं सांगून एका खासगी दुकानात नेतात आणि महागडी सहल गळ्यात मारतात. थांबू नका, उत्तर देऊ नका, चालत राहा. हॉटेलला स्वतः फोन करा. मेट्रो नको असेल तर दिल्ली पोलिसांच्या प्रीपेड खिडकीवरून रिक्षा किंवा टॅक्सी घ्या आणि मिळालेली पावती मुक्कामी पोचल्याशिवाय चालकाच्या हातात देऊ नका. भारत सरकारचं पर्यटन कार्यालय ८८, जनपथ इथे आहे. त्या नावाने दुसरीकडे कुणी नेत असेल तर जाऊ नका.

५. राहायचं कुठे

ठिकाणांच्या जवळ राहण्यापेक्षा मेट्रो स्टेशनाच्या जवळ राहा. करोल बागेत मध्यम दरात बरी हॉटेलं आहेत. पहाडगंज स्वस्त, पण गल्ल्या अरुंद आणि रात्री गोंगाट. वयस्कर माणसं बरोबर असतील तर खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालते का, हे फोनवर विचाराच. फोटोत हे दिसत नाही.

६. मेट्रोची सवय करा

२००२ साली सुरू झालेली ही मेट्रो आता शहरात जवळपास सगळीकडे पोचते आणि कितीही लांब गेलात तरी भाडं शंभराच्या आत. स्मार्ट कार्ड घेतलं की रोजची रांग वाचते. गाडी ज्या दिशेने जाते त्या बाजूचा पहिला डबा बायकांचा. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ राजीव चौकात गाडी बदलू नका. तिथली गर्दी मुंबईच्या लोकलची आठवण करून देते.

नव्या माणसाला उपयोगी पडतील अशी स्टेशनं:
- लाल किल्ला आणि जामा मशीद: त्याच नावांची दोन स्टेशनं, दोन्ही जांभळ्या मार्गावर
- चांदनी चौक, कुतुबमिनार: पिवळा मार्ग
- कर्तव्य पथ: केंद्रीय सचिवालय
- हुमायूनची कबर: जवाहरलाल नेहरू स्टेडियम, पुढे रिक्षा
- बंगला साहिब गुरुद्वारा: पटेल चौक
- अक्षरधाम: निळा मार्ग, त्याच नावाचं स्टेशन

स्टेशनाचं नाव जुळलं म्हणजे ठिकाण समोरच असेल असं नाही. कुतुबमिनार स्टेशनापासून मिनार बराच लांब आहे, रिक्षा करावी लागते. बाहेर पडताना गेट क्रमांक बघा, एका चुकीच्या गेटाने अर्धा किलोमीटरचा फेरा पडतो.

७. दिवसाला दोन मोठी ठिकाणं, तिसरं नाही

शनिवार, युद्ध स्मारक. पोचलो त्या संध्याकाळी आम्ही इंडिया गेटला गेलो. बहुतेक जण कमानीसमोर फोटो काढून परततात. कमान ओलांडून पुढे जा. २०१९ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय युद्ध स्मारक तिथेच आहे, प्रवेश मोफत. एकात एक अशी चार वर्तुळं आहेत: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं सोनेरी अक्षरांत कोरलेली आहेत. एक आजी, नऊवारी नेसलेल्या, नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन एकेक ओळ बघत होत्या. वाचता येत नसावं, कारण नातू वाचायचा आणि त्या मानेने नाही म्हणायच्या. मग एका ठिकाणी त्याने बोट ठेवलं. आजींनी पदर डोक्यावर सारखा केला आणि दोन्ही हात जोडले. आमच्यापैकी कुणी बराच वेळ बोललं नाही. तुमच्या गावातलं कुणी कामी आलं असेल तर नाव, पलटण आणि साल लिहून न्या, शोधायला सोपं जातं. शेजारच्या परमयोद्धा स्थळावर परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत, त्यात रामा राघोबा राणेही.

रविवार, राष्ट्रपती भवन. सकाळची वेळ घ्या. ३४० खोल्यांपैकी मोजक्याच दालनांत नेतात, पण बरोबर माहिती सांगणारा माणूस असतो. नंतर आम्ही राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. तिथे सगळं बघायचा हट्ट धरू नका. सिंधू संस्कृतीचं दालन आणि त्यातली मोहेंजोदडोची नर्तकी बघा. मूर्ती वितभरही नाही. पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे मी ती मोठी असेल असं धरून होते.

सोमवार, कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर. मिनार साडेबहात्तर मीटर उंच. आत चढू देत नाहीत. १९८१ साली आत चेंगराचेंगरी होऊन ४५ जण गेले, त्यात बहुतेक शाळेची मुलं होती, तेव्हापासून दार बंद आहे. "वर सोडतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आवारात गुप्तकाळातला लोहस्तंभ आहे. शतकानुशतकं उघड्यावर उभा असून गंजलेला नाही. लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे वर एक संरक्षक थर तयार झाला, असं त्याचं कारण सांगतात. दुपारी हुमायूनच्या कबरीला या. ताजमहालाच्या कितीतरी आधीची ही वास्तू, आणि चारबागेची, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेची, झाडी असल्यामुळे बसायला सावली मिळते. प्रवेशद्वारापाशी जमिनीखाली नवं संग्रहालय २०२४ मध्ये उघडलं आहे.

मंगळवार, जुनी दिल्ली. याला अख्खा दिवस द्या. लाल किल्ला उघडताच आत शिरा, उन्हं वाढायच्या आत. छत्ता चौकातल्या दुकानांत अडकू नका, सरळ दिवाण-ए-आम आणि तिथून दिवाण-ए-खास. इथेच सासरे थांबले. "वर बघ," म्हणाले, "इथे चांदीचं छत होतं. १७६० च्या ऑगस्टात भाऊसाहेबांनी ते उतरवलं. फौजेला द्यायला पैसा नव्हता गं." आता तिथे रंगवलेलं लाकडी छत आहे. मग त्यांनी महादजींचं सांगितलं, की पानिपतानंतर दहा वर्षांत मराठे परत दिल्लीत आले आणि १७७२ मध्ये मोगल बादशहा शाह आलमला याच किल्ल्यातल्या गादीवर बसवलं. भोवती आठ-दहा अनोळखी मराठी माणसं कधी जमली ते आम्हाला कळलंही नाही. हा इतिहास तिथल्या पाट्यांवर फारसा सापडत नाही. घरून थोडं वाचून जा, मुलांनाही सांगा. किल्ल्यातलं नेताजी आणि आझाद हिंद सेनेवरचं संग्रहालयही सोडू नका. त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर १९४५-४६ चे खटले याच किल्ल्यात चालले.

दुपारी चांदनी चौक. मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे चालणं सोपं झालंय, शिवाय सायकलरिक्षा मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि "माणशी की सगळ्यांचं?" हे स्पष्ट विचारा. उतरताना भांडण होतं ते याच्यावरून. शीशगंज गुरुद्वाऱ्यात डोकं टेका, १६७५ मध्ये गुरू तेगबहादूरांचं बलिदान याच जागी झालं. खारी बावली या मसाल्यांच्या बाजारात वासाने डोळ्यांना पाणी येतं, रुमाल हाताशी ठेवा.

बुधवार, अलीपूर रोड. २६, अलीपूर रोड या जागी ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. २०१८ साली तिथे उघड्या पुस्तकाच्या, म्हणजे संविधानाच्या आकाराचं स्मारक उभं राहिलं. दिल्ली दर्शनाच्या यादीत ते बहुतेक वेळा नसतं. महाराष्ट्रातून जाणाऱ्या माणसाने ते बघायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. पिवळ्या मार्गावर विधानसभा स्टेशनाला उतरा, पुढे रिक्षा.

अक्षरधामला आम्ही या खेपेला गेलो नाही, पहिल्यांदा गेलो होतो. तिथे मोबाइल, कॅमेरा, पिशव्या सगळं बाहेर जमा करावं लागतं. आत गेल्यावर एकमेकांना फोन करता येत नाही, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ दारातच ठरवा.

८. बसची सहल घ्यायचीच असेल तर

काहींना स्वतः फिरणं जमत नाही, ते मी समजू शकते. मग पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा आणि उत्तरं मोबाइलवर लिहून मागवा.

- यादीतल्या कुठल्या जागा आतून दाखवणार, कुठल्या नुसत्या बाहेरून? "पॅनोरॅमिक" म्हणजे खिडकीतून.
- प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं?
- प्रवेश तिकिटं भाड्यात धरलीत का?
- दुकानात थांबणार का, किती वेळ?
- त्या वाराला काय बंद असतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. समोरचा "काही बंद नसतं" म्हणाला की दुसरीकडे बघा. दुकानात नेलंच तर विकत घ्यायची सक्ती नाही. चालकाला दुकानातून दलाली मिळते आणि ती तुमच्या बिलात धरलेली असते.

९. खाणं

सासूबाईंना तीन दिवस पनीर आणि छोले खाऊन कंटाळा आला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात गेलो, तिथे त्यांचा चेहरा खुलला. वेळा फोन करून विचारा. आंध्र भवनातली थाळीही प्रसिद्ध आहे, रांग असते पण लवकर सरकते. बंगला साहिबचा लंगर कुणालाही मोफत. डोकं झाका, पाय धुवा, ताटात घ्याल तेवढं संपवा. हा गुरुद्वारा मूळचा मिर्झाराजे जयसिंगांचा बंगला, ज्यांनी महाराजांशी पुरंदरचा तह केला तेच जयसिंग. सरोवराच्या काठी संध्याकाळी अर्धा तास बसा, पायांना विश्रांती मिळते.

१०. परतीचा दिवस

परतीची गाडी जिथून सुटते ते स्टेशन आलात तेच असेल असं नाही, तिकीट पुन्हा वाचा. आम्ही आलो नवी दिल्लीला, निघालो निजामुद्दीनहून. हॉटेलातून दोन तास आधी निघा, संध्याकाळी रस्त्यावर फार गर्दी असते. सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून शेवटची सकाळ मोकळी वापरता येते, बहुतेक ठिकाणी याचे पैसे घेत नाहीत. पावती किंवा बिल्ला मात्र मागून घ्या.

गाडीत बसल्यावर सासऱ्यांनी माझ्याकडून तो वारांचा कागद मागून घेतला, घडी घातली आणि वहीत ठेवला. सोमवारभोवतीचा लाल गोल तसाच होता. पुढच्या महिन्यात त्यांचे शाळेतले दोन जुने सहकारी निघालेत, त्यांना द्यायचा म्हणाले.